रस्ता मांजराच्या आडवा गेला

मांजर आडवे गेले की कामाला निघालेल्या माणसाने चार पावले मागे यावे, क्षणभर टेकावे आणि मग पुढे जावे, हा संकेत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला अर्पण करावे लागते, असेही सांगितले जाई. या समजुतींच्या मुळाशी अंधश्रद्धा होती, यात वाद नाही. परंतु तिचा एक अनपेक्षित लाभ मांजराला मिळत होता: वाट ओलांडणारे मांजर दिसले की माणूस थांबत असे. शिक्षणाने ती समजूत बऱ्याच अंशी गेली, हे योग्यच झाले. तिच्याबरोबर थांबण्याची सवयही गेली आणि तिची जागा दुसऱ्या कशानेही घेतली नाही.

मुळशी तालुक्यातील भरे हे गाव या बदलाचे साक्षीदार म्हणावे लागेल. पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर पिरंगुटच्या अलीकडे-पलीकडे एकेकाळी भाताची खाचरे आणि कौलारू घरे यांखेरीज फारसे काही नव्हते. आज घोटावडे फाट्याच्या परिसरात कारखान्यांच्या शेड, गोदामे, खानावळी, टपऱ्या, मटण-चिकनची दुकाने आणि नवी गृहसंकुले यांची दाटी झाली आहे. याच फाट्यावरून घोटावडे-माणमार्गे हिंजवडीच्या संगणक उद्योगनगरीकडे वाट जाते. मूळच्या पौड रस्त्याने ताम्हिणी घाट उतरून कोकणात जाता येते. कंपन्यांच्या बसगाड्या, खडी-वाळूचे डंपर आणि शनिवार-रविवारी घाट पाहायला निघालेले पर्यटक यांची गर्दी एकाच डांबरी पट्टीवर होते. अशा ठिकाणी उंदीर येतात, उष्टे-खरकटे साचते, आडोशाला जागा मिळते; आणि जेथे या तीन गोष्टी असतात तेथे मांजरे येतातच.

ही मांजरे म्हणजे चुकलेली घरची मांजरे नव्हेत. गोदामाच्या पत्र्याखाली किंवा पडक्या भिंतीच्या आडोशाला जन्मलेले, पहिल्या दोन महिन्यांत माणसाचा हात न लागलेले पिल्लू पुढे आयुष्यभर माणसापासून अंतर राखते. रोज ठराविक वेळी अन्न ठेवणाऱ्या व्यक्तीला ते ओळखते, तिच्या पायाशी घोटाळत नाही. अशा माद्या बहुधा एकमेकींच्या आधाराने राहतात. बोके दूरवर फिरतात. अन्न पुरत असेल तोवर ही वसाहत जागा सोडत नाही. अशा मांजराला पकडून घरी पाळा, असे सांगणारा आणि त्याला पकडून जंगलात सोडा, असे सांगणारा, दोघेही ज्या प्राण्याविषयी बोलत असतात तो प्राणी प्रत्यक्षात नसतो.

या वसाहतींच्या मृत्यूचे गणित एका अभ्यासावरून समजते. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात मोकाट वसाहतींतील १६९ पिल्लांवर नजर ठेवण्यात आली आणि त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १२७ पिल्ले सहा महिन्यांच्या आत मेली अथवा नाहीशी झाली; ज्यांच्या मृत्यूचे कारण कळू शकले त्यांत इजा हे सर्वांत मोठे कारण ठरले. ब्रिस्टल विद्यापीठाच्या एका पाहणीत, जिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, याहून विचार करायला लावणारी गोष्ट आढळली. वाहनाखाली सापडण्याचा धोका शहरातल्या मांजरांपेक्षा गावा-वाड्यांतल्या मांजरांना अधिक होता आणि सरळ, वेगवान रस्त्यालगत तो आणखी वाढत होता. सर्वसामान्य समजूत याच्या नेमकी उलट आहे. शहरात गर्दी असते, म्हणून धोका. गावात मोकळे असते, म्हणून सुरक्षितता, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः गर्दीत वाहन रांगते. जेथे रस्ता नुकताच रुंद झाला आहे, खड्डे बुजले आहेत, आणि शहराचे सिग्नल व पदपथ मात्र अद्याप पोचलेले नाहीत, तेथेच वाहन सुटते. भऱ्यासारखी गावे नेमकी या अवस्थेत आहेत.

वेगाचा हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर कापते. चालकाला भान येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत तो सेकंद निघून जातो. त्यानंतर कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. म्हणजे एकंदर ३७ मीटर. हाच वेग ४० वर आणला तर सगळे अंतर २० मीटरच्या आसपास येते. रात्री समोरच्या वाहनासाठी दिवा खाली केला की चालकाला फार लांबचे दिसत नाही. त्या मर्यादेत ३७ मीटरची आणि २० मीटरची गाठ म्हणजे मृत्यू आणि जीवन यांतला फरक आहे. पावसाळ्यात तर मुळशीच्या पावसात हे अंतर कितीतरी वाढते. त्यात मांजराचा स्वभाव आड येतो. ते पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक हिंडते, म्हणजे कंपन्यांच्या पाळ्या सुटतात-भरतात त्याच सुमारास. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे प्रकाश परतविणारा थर असतो. त्यामुळे अंधारात त्याला उत्तम दिसते, पण प्रखर दिव्याच्या झोतात ते गोंधळून जागच्या जागी थबकते. सशाची चपळाई त्याच्या अंगी आहे. मोटारीचा वेग अजमावण्याची क्षमता मात्र निसर्गाने त्याला दिलेली नाही.

या प्रश्नाकडे केवळ भूतदयेच्या चष्म्यातून पाहण्याचे कारण नाही. मांजर चुकविण्यासाठी एकाएकी हँडल वळविणारा दुचाकीस्वार स्वतः पडतो. मागून डंपर येत असेल तर पुढचे सांगण्याची गरज नाही. शाळेत दुचाकीवर जाणारे शिक्षक, पाळी संपवून परतणारा कामगार, शिकवणीला निघालेली मुलगी, ही सर्व माणसे याच रस्त्यावर असतात. वसाहत रस्त्यापासून दूर राहील याची व्यवस्था करणे हे म्हणून माणसांच्याही हिताचे आहे.

कायदा काय म्हणतो?

१९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा पाळीव प्राण्याला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हा गुन्हा मानतो. मात्र पहिल्या गुन्ह्यासाठी त्या वेळी ठरविलेला दंड पन्नास रुपयांपर्यंतचा होता, यावरून त्या तरतुदीचा धाक किती हे उमगते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमानुसार प्राण्याला मारणे किंवा अपंग करणे शिक्षापात्र आहे, परंतु तेथे हेतू अथवा जाणीव सिद्ध व्हावी लागते. भरधाव वाहनाखाली आलेले बेवारस मांजर त्या चौकटीत सहसा बसत नाही. मोटार वाहन कायदा जखमी माणसाला मदत मिळवून देण्याचे कर्तव्य चालकावर टाकतो आणि बेवारस मांजराबाबत मौन पाळतो. याबाबतीत आपण एकटेच मागे आहोत असेही नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात कुत्रा, घोडा, गाय, मेंढी, एवढेच काय गाढवही आहे; ठोकर दिल्यास चालकाने थांबले पाहिजे. मांजर त्या यादीत नाही. पाळीव मांजराच्या कातडीखाली ओळखचकती बसविणे इंग्लंडने १० जून २०२४ पासून सक्तीचे केले, पण थांबण्याची सक्ती अद्याप केलेली नाही.

भारतात अधिक उपयोगी पडण्यासारखा दस्तऐवज म्हणजे मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेले प्राणी जन्मनियंत्रण नियम. २००१ च्या जुन्या नियमांच्या नावातच कुत्र्यांचा उल्लेख होता. नव्या नावातून तो गेला, आणि ज्याच्यावर कोणाची मालकी नाही अशा समाजात जन्मलेल्या प्राण्याला ‘सामुदायिक प्राणी’ अशी संज्ञा मिळाली. नियमांचा बहुतेक भर अजूनही कुत्र्यांवर आहे, हे खरे. तथापि त्यातील २० वा नियम येथे महत्त्वाचा ठरतो. सामुदायिक प्राण्यांना अन्न देण्याची जागा निवासी संघटनेने किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीने ठरवावी. ती मुलांच्या खेळण्याच्या जागा, जिने आणि येण्याजाण्याची दारे यांपासून दूर असावी. वेळही ठरवून घ्यावी, असे तो सांगतो. रस्त्यापासून किती दूर, हे तो सांगत नाही. परंतु स्थानिक संस्थेने ते ठरविण्यास त्याची कोणतीही आडकाठी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात जे आदेश दिले त्यांचीही येथे दखल घेतली पाहिजे. २२ ऑगस्टच्या आदेशाने निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडण्याचे तत्त्व मान्य केले, अन्नासाठी नेमून दिलेल्या जागा असाव्यात असे सांगितले. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलविण्यास आणि महामार्गांवरून गुरे व इतर मोकाट जनावरे दूर करण्यास फर्मावले. महामार्गावर गस्त घालून बसलेली गाय उठविता येते. मांजर महामार्गावर बसत नाही. ते रात्री दोन वाजता चार सेकंदांत तो ओलांडते. गस्तीचे पथक त्याच्यासाठी निरुपयोगी आहे. गुरांसाठी योजलेला उपाय मांजरांना लावू गेल्यास एवढेच होईल की, कोणीतरी तक्रार करील, कोणीतरी पिंजरा लावील आणि चार मांजरे पोत्यात घालून ताम्हिणीच्या जंगलाशी सोडून दिली जातील.

हा ‘उपाय’ आजही गुपचूप केला जातो, आणि तो तिहेरी चुकीचा आहे. सोडलेले मांजर परक्या मुलखात बहुधा मरते, किंवा घराच्या ओढीने परत निघते आणि वाटेत चार रस्ते अधिक ओलांडते. रिकाम्या झालेल्या जागी, उंदीर व खरकटे तसेच असल्याने, दुसरी मांजरे येतात. आणि तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. ताम्हिणी परिसराला २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला; सह्याद्रीच्या या जंगलपट्ट्यात रानमांजर आणि जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक असलेली वाघाटी यांची वस्ती आहे. गावातली मांजरे तेथे नेऊन सोडणे म्हणजे त्यांचे रोग जंगलात नेणे, पक्ष्यांवर एक नवा शिकारी सोडणे आणि रानमांजराच्या वंशात संकराला वाव देणे होय. पक्षिप्रेमींचा मोकाट मांजरांवरचा राग अनाठायी नाही. परंतु त्या रागाचे उत्तर मांजरांची संख्या गावातच रोखणे हे आहे.

दयाळूपणाची चूक

तक्रारखोरांइतकीच चूक, किंबहुना अधिक जीवघेणी चूक, मांजरांवर प्रेम करणाऱ्यांकडून होते. कामावर जाताना दुचाकी साइडपट्टीवर उभी करायची, पिशवीतला दूधभात किंवा मासळीचे तुकडे कडेला ओतायचे आणि पुढे जायचे, हा अनेकांचा नित्यक्रम असतो. हेतू निर्मळ असतो. परंतु गोदाम रस्त्याच्या एका बाजूला आणि अन्न दुसऱ्या बाजूला, असे झाले की त्या दयाळू हाताने प्रत्येक मांजराला दिवसातून दोनदा रस्ता ओलांडायला लावलेले असते. चिकनच्या दुकानामागे टाकलेली आतडी-पिसे हेच काम करतात. फरक इतकाच की तेथे हेतू दयेचा नसतो. वसाहत वाचविण्याचे पहिले पाऊल म्हणून फुकट आहे: अन्न आणि आसरा रस्त्याच्या एकाच बाजूला आणावे. अन्नाची जागा रोज थोडी थोडी, दहा-पंधरा पावलांनी, आत सरकवीत न्यावी. एकदम हलविल्यास मांजरे जुन्या जागी घुटमळत राहतात. अन्न दिवसाउजेडी द्यावे, अर्ध्या तासात उरलेले उचलावे, म्हणजे रात्री उष्ट्याच्या वासाने नवी मांजरे आणि घुशी जमत नाहीत. पाणी आणि कोरडा आडोसा तेथेच असावा. आणि दुकानांचा कचरा झाकणबंद डब्यात जाईल याचा आग्रह ग्रामपंचायतीने धरावा. तेवढे न झाल्यास बाकीचे सारे व्यर्थ आहे.

रोमचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथील लार्गो अर्जेंटिना हा चौक ट्राम, बस आणि मोटारींच्या कोलाहलाने चहूबाजूंनी वेढलेला आहे. चौकाच्या मध्यभागी, रस्त्याच्या पातळीपासून कितीतरी खाली, प्राचीन मंदिरांचे उत्खनन केलेले अवशेष आहेत. ज्यूलिअस सीझरचा वध झाला तो परिसर हाच. त्या खोलगट जागेत मांजरांची वसाहत आहे आणि स्वयंसेवक गेली कित्येक वर्षे तिची निगा राखत आहेत. अन्न, औषध, विसावा सर्व खालीच मिळत असल्याने वर चढून रस्ता ओलांडण्याचे त्यांना फारसे प्रयोजन उरत नाही. इटलीने १९९१ च्या कायद्याने मोकाट मांजरांना संरक्षण दिले, निर्बीजीकरणानंतर त्यांना त्यांच्याच वसाहतीत परत सोडावे असे ठरविले. भऱ्याला रोमन मंदिरे नाहीत. परंतु कारखान्याच्या मागची भिंत आणि तिच्याआडची पडीक पट्टी तेच काम करू शकते.

अर्थात अन्नाची जागा कितीही आत नेली तरी पिल्ले वाढत राहिली तर प्रश्न पुन्हा रस्त्यावर येणार. मांजरी पाच-सहा महिन्यांची होताच वयात येते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि आपल्या हवामानात वर्षातून दोन-तीन वेळा विऊ शकते. बोका मादीच्या शोधात सर्वांत दूर भटकतो, म्हणून रस्त्यावर मरणाऱ्यांत तरुण बोक्यांचा भरणा अधिक असतो. निर्बीजीकरण झालेला बोका भटकणे कमी करतो. म्हणजे शस्त्रक्रिया हा केवळ संख्येचा उपाय नव्हे, तो थेट रस्ता-सुरक्षेचा उपाय आहे. त्याच वेळी रेबीजची लस टोचली जाते, शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून डाव्या कानाचे टोक किंचित कापले जाते, आणि तेच मांजर पुन्हा पकडण्याचा खटाटोप वाचतो. गळ्यात चकाकणारा पट्टा बांधावा, असे सुचविणारेही असतात. मोकाट मांजराच्या गळ्यात पट्टा बांधायचा कोणी, हा प्रश्न उंदरांच्या सभेतल्या प्रश्नाइतकाच जुना आहे, आणि तो पट्टा कुंपणाला अडकून मांजरच गुदमरण्याचा संभव असतो.

येथपर्यंत सारे ठीक. पण हे करणार कोण? पुणे महापालिकेच्या हद्दीत मांजरांच्या निर्बीजीकरणाचा विषय गेल्या काही वर्षांत पटलावर आला. २०२५ च्या फेब्रुवारीत हडपसरच्या एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे आढळल्याने तर त्याची सार्वत्रिक चर्चा झाली. दया एकाच घरात कोंडली गेली की तिचे काय होते, हेही त्या निमित्ताने दिसले. मुळशी तालुक्यातील सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही गावे २०२१ साली महापालिकेत गेली. भरे मात्र ग्रामपंचायतच आहे. तेथे वाहतूक शहराची आहे, कचरा शहराचा आहे, आणि यंत्रणा खेड्याची. २०१५ साली स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण बांधकामाचे नकाशे मंजूर करते. मांजर त्याच्या कक्षेत येत नाही. पंचायत समितीच्या पशुवैद्यकाची नेमणूक गाई-म्हशी-शेळ्यांसाठी असते. २०२३ चे नियम जन्मनियंत्रणाची जबाबदारी पंचायतींवरही टाकतात, परंतु त्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेली संस्था आणि शस्त्रक्रियेची सोय लागते, जी एका गावाच्या कुवतीबाहेरची आहे. जबाबदारी खाली ढकलायची आणि पैसा वर ठेवायचा, ही आपल्याकडील विकेंद्रीकरणाची जुनीच रीत.

यावर मार्ग नाही असे नव्हे. भरे, पिरंगुट, घोटावडे, उरवडे, कासारआंबोली या लगतच्या ग्रामपंचायतींनी मिळून एका मान्यताप्राप्त संस्थेला आळीपाळीने शिबिर घेण्यास बोलावावे, जागा द्यावी आणि खर्चाचा वाटा या पट्ट्यातील कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून मागावा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात प्राणी कल्याणाचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा हा निधी मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. कारखानदारांचाही यात स्वार्थ आहे. गोदामातला उंदीर हा त्यांचा शत्रू आहे, आणि मांजराची ही उपयुक्तता या प्रांताला नवी नाही. प्लेगच्या काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन असलेले लेफ्टनंट कर्नल ब्यूकॅनन यांनी मांजरे असलेल्या वस्त्यांत प्लेग कमी दिसतो, असे निरीक्षण मांडून मांजरे पाळण्याचा पुरस्कार केला होता. १९०८ साली त्यांचे हे मत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे गेले. त्यांच्या अनुमानावर आजचे शास्त्रज्ञ शंका घेतील, आणि घ्यावी. परंतु मर्यादित, निरोगी, लस टोचलेली मांजरे गोदामाजवळ असणे हे विषारी गोळ्या पसरण्यापेक्षा कितीतरी बरे, हे कोणताही गोदामपाल सांगेल.

उरतो तो रस्ता स्वतः. वस्तीच्या टप्प्यात वेग ४० वर आणणारे गतिरोधक, त्यांवर रंगाचे पट्टे आणि चालू असलेले दिवे, एवढे केले तरी मांजरांबरोबर माणसेही वाचतील. ज्या मोऱ्या रस्त्याखालून जातात त्या गाळाने आणि प्लॅस्टिकने तुंबलेल्या असतात. साफ, कोरडी मोरी हा मांजराचा आवडता मार्ग आहे, कारण आडोशाने जाणे त्याच्या स्वभावात आहे. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाखाली प्राण्यांसाठी नऊ बांधीव मार्ग ठेवण्यात आले, आणि भारतीय वन्यजीव संस्थेने लावलेल्या कॅमेऱ्यांत १८ जातींचे वन्यप्राणी त्यांचा वापर करताना टिपले गेले. त्यांत वाघ होता, तसेच रानमांजर आणि वाघाटीही होती.

आता महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा पुणे वर्तुळाकार रस्ता मुळशी तालुक्यातून नेण्यात येत आहे. ११० मीटर रुंदीचा हा पट्टा जेथून जाईल तेथे मांजर, मुंगूस, साळिंदर आणि वाघाटी या सर्वांची वाट एकाच वेळी तुटणार आहे. तेथील मोऱ्यांच्या तळाला पावसाळ्यातही कोरडा राहील असा हातभर रुंदीचा कठडा ठेवण्याचा खर्च एकंदर कामाच्या तुलनेत नगण्य आहे, पण तो काँक्रीट ओतण्यापूर्वी नकाशात असावा लागतो. पंचायतींनी तशी लेखी मागणी करण्याची वेळ आताची आहे. काम पूर्ण झाल्यावर केलेल्या ठरावाला महामंडळाकडून येणारे उत्तर ठरलेले असते.